स्वस्त खाद्य कुणाला महाग पडतं? डीडीजीएस, अझोल्याचे रील आणि सोयाबीनचा भाव

फेब्रुवारी २०२६ मध्ये भारत आणि अमेरिकेच्या अंतरिम व्यापार कराराबद्दल संयुक्त निवेदन आलं, तेव्हा सगळ्या बातम्या टॅरिफच्या टक्क्यांवर होत्या. त्या निवेदनात एक यादी आहे: भारत कोणकोणत्या अमेरिकी शेतमालावरचं शुल्क काढणार किंवा कमी करणार. सुकामेवा आहे, फळं आहेत, सोयाबीन तेल आहे, वाइन आहे. पण यादीतलं पहिलं नाव यातलं एकही नाही. पहिलं नाव आहे डीडीजी, आणि त्यामागोमाग पशुखाद्यासाठीची लाल ज्वारी.

डीडीजी म्हणजे डिस्टिलर्स ड्राइड ग्रेन्स. सरळ मराठीत, धान्यापासून दारू किंवा इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा, वाळवलेला. त्यात उरलेलं पातळ पाणी आटवून मिसळलं की शेवटी एक 'एस' लागतो आणि त्याला डीडीजीएस म्हणतात. आपल्याकडे पोल्ट्रीवाले आणि पशुखाद्यवाले हेच नाव वापरतात, म्हणून इथून पुढे मीही तेच वापरतो.

मी गारखेड्यात राहतो. इथे रूम करून राहणारी अर्धी पोरं लातूर, परभणी, हिंगोलीकडची, नाहीतर सिल्लोड, कन्नडची. पहिल्यांच्या घरी सोयाबीन, दुसऱ्यांच्या घरी मका. रूमचं भाडं आणि क्लासची फी बहुतेक याच दोन पिकांतून येते. आणि संध्याकाळी सूतगिरणी चौकाकडे जाऊन हीच पोरं जी अंडा भुर्जी खातात, तीसुद्धा खरं म्हणजे मका आणि सोयाबीनच असते, कोंबडीने रूप बदललेली. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. त्यात अर्ध्याहून जास्त मका आणि पाव हिस्सा किंवा थोडी कमी सोयापेंड, म्हणजे पोल्ट्रीच्या भाषेत सोया डीओसी. कोंबडी पाळायच्या खर्चात ६० ते ७० टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो. मासे पाळायचे तर अर्ध्याहून जास्त. त्यामुळे या धंद्यात 'स्वस्त खाद्य' ही हौस नसते. किलोमागे दोन रुपये वाचले तर शेड चालतं, नाहीतर बंद पडतं.

इथेनॉलच्या टाकीतून काय बाहेर येतं?

मक्याच्या दाण्यात सुमारे दोन तृतीयांश स्टार्च असतो. कारखान्यात दाणे दळतात, पाण्यात शिजवतात, एन्झाइम टाकून स्टार्चची साखर करतात आणि यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. दाण्यातलं बाकी सगळं, म्हणजे प्रथिनं, तेल, तंतू, खनिजं, तसंच मागे राहतं. मोघम हिशेब असा की एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल आणि ३०० किलोच्या आसपास डीडीजीएस.

आता यातली गंमत बघा. मक्यात प्रथिनं साधारण ९ टक्के. स्टार्च निघून गेल्यावर माल एक तृतीयांश उरतो, म्हणजे उरलेल्यात प्रथिनांचं प्रमाण तिप्पट, २७ टक्क्यांच्या आसपास. तांदळापासून इथेनॉल काढलं तर उरलेल्या चोथ्यात ते ४५ टक्क्यांपर्यंत जातं. सोयापेंडीतही जवळपास तेवढंच असतं. आणि कारखान्यासाठी हा मुख्य माल नाही, जोडउत्पादन आहे. तो साठवून ठेवणं परवडत नाही, त्यामुळे सोयापेंडीपेक्षा बराच स्वस्त सुटतो.

हा माल एवढा आला कुठून? डिसेंबर २०२३ मध्ये उसाचं पीक कमी दिसल्यावर केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली. लगेच मक्याच्या इथेनॉलचा खरेदी दर वाढवून लिटरला ७१.८६ रुपये केला. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात मक्यापासून सुमारे २८६ कोटी लिटर इथेनॉल आलं आणि मका पहिल्यांदाच सगळ्यात मोठा कच्चा माल ठरला. वरचा हिशेब लावला तर त्यासाठी ७५ लाख टन मका लागला आणि मागे वीस-बावीस लाख टन डीडीजीएस उरला. त्यात तांदळाचा धरलेला नाही. पुढे २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला गेला. तुमच्या गाडीत ई२० पेट्रोल पडतं तेव्हा कुठेतरी चोथ्याचं एक पोतंही भरलं जातं.

कॉम्प्युटरला लातूर माहीत नसतं

खाद्य कारखान्यात कुणी अनुभवी माणूस चिमटीत पेंड घेऊन 'आज एवढी टाका' म्हणतो असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. तिथे लीस्ट-कॉस्ट फॉर्म्युलेशन नावाचं सॉफ्टवेअर चालतं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: आज कोणकोणता माल मिळतो, त्याचा आजचा दर काय, आणि प्रत्येकात ऊर्जा, प्रथिनं, लायसिन, मेथिओनिन, कॅल्शियम, तंतू किती. मग कोंबडीची गरज सांगायची. सॉफ्टवेअर हजारो मिश्रणांतून सगळ्यात स्वस्त मिश्रण काढून देतं. यामागचं गणित लिनिअर प्रोग्रॅमिंगचं. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने माणसाचा सगळ्यात स्वस्त पुरेसा आहार कोणता हा प्रश्न मांडला होता, आणि दोन वर्षांनी जॉर्ज डँटझिगने असे प्रश्न सोडवायची पद्धत शोधली. माणसांनी तो आहार काही स्वीकारला नाही, कारण तो बेचव होता. कोंबड्यांना विचारलं कुणी नाही.

या गणिताचा स्वभाव समजून घ्यायला हवा. दर थोडा बदलला की मिश्रण थोडं बदलतं असं नेहमी होत नाही. एका ठरावीक दरापर्यंत डीडीजीएसला जागाच मिळत नाही. तो दर ओलांडून माल खाली आला की सॉफ्टवेअर त्याला थेट कमाल मर्यादेपर्यंत भरतं आणि तेवढी सोयापेंड बाहेर काढतं. मर्यादा असते, कारण मक्याच्या डीडीजीएसमध्ये लायसिन कमी आणि तंतू जास्त. ब्रॉयलरला साधारण ५ ते १० टक्के, अंड्याच्या कोंबडीला थोडं जास्त, गाईला त्याहून जास्त चालतं. ऐकायला कमी वाटतं. पण देशातल्या सगळ्या खाद्य कारखान्यांनी एकाच हंगामात हे केलं तर सोयापेंडीची किती मागणी जाईल, विचार करा.

आणि सोयाबीनचं असं आहे की ते नावाला तेलबी. १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं सुमारे १८ किलो, आणि पेंड ८० किलोच्या आसपास. पेंडीला उठाव नसेल तर तेल कितीही महाग असो, मिलवाला दाणा चढ्या भावाने घेणार नाही.

२०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. २०२५-२६ ला ५,३२८. दोन्ही हंगामांत लातूरच्या बाजारात बहुतेक दिवस भाव याच्या खालीच राहिला. तेल गिरण्यांच्या संघटना याचं एक कारण म्हणून डीडीजीएसकडे बोट दाखवतात. माझ्या मते कारण खरं आहे, पण एकटं नाही. जगात सोयाबीनचं पीक भरपूर आहे. खाद्यतेलाच्या आयात शुल्काचा झोका वेगळाच: सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क २७.५ टक्के केलं, मे २०२५ मध्ये परत १६.५ टक्क्यांवर आणलं. सगळं खापर चोथ्यावर फोडलं की हे निर्णय घेणारे मोकळे सुटतात.

मग मकेवाल्यांचं तरी भलं झालं का? थोडे दिवस झालं. २०२४ मध्ये मका एवढा तापला की पोल्ट्रीवाले ओरडायला लागले आणि सरकारने कमी शुल्कात जवळपास पाच लाख टन मका आयात करायला परवानगी दिली. भाव बघून शेतकऱ्यांनी मका वाढवला. दरम्यान सरकारने अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी काढला, २,२५० रुपये क्विंटलने. २०२५ च्या दिवाळीनंतर मका २,४०० च्या हमीभावाखाली घसरला, आणि कर्नाटकात तर शेतकरी त्यासाठी रस्त्यावर आले. एकाच इथेनॉल धोरणाने आधी सिल्लोडला हसवलं आणि लातूरला रडवलं, नंतर दोघांना एका रांगेत उभं केलं.

तिप्पट होतं ते फक्त प्रथिन नाही

ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत, त्यांनी हा भाग नीट वाचावा.

स्टार्च गेल्यावर प्रथिनं तिप्पट होतात, तसं बुरशीचं विषही तिप्पट होतं. परतीच्या पावसात भिजलेला, नीट न वाळवलेला मका साठवला की त्यावर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन तयार करते. हे विष शिजवून जात नाही, यीस्टने मरत नाही आणि इथेनॉलबरोबर उडूनही जात नाही. ते चोथ्यात बसून राहतं. मक्यात १० पीपीबी असेल तर डीडीजीएसमध्ये ३० च्या घरात. आपल्याकडे तयार पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा २० पीपीबी आहे. म्हणजे चालण्यासारख्या मक्यापासून न चालणारा डीडीजीएस तयार होऊ शकतो, कुणीही काहीही भेसळ न करता.

गाईने ते खाल्लं की त्याचा थोडा हिस्सा एम१ रूपात दुधात उतरतो. दूध उकळून फायदा नाही. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात एफएसएसएआयने ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ३६८ मध्ये, म्हणजे ५.७ टक्क्यांमध्ये, एम१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. दुधातल्या पाण्याच्या आणि युरियाच्या भेसळीवर आपण तासभर बोलतो. त्याच सर्वेक्षणात आरोग्याला धोकादायक भेसळ मोजक्या नमुन्यांत होती आणि खाद्यातून आलेलं हे विष शेकड्यांत. सर्वेक्षण झालं तेव्हा डीडीजीएसचा आजचा पूर आलेला नव्हता, हेही लक्षात ठेवा. तेव्हाची कारणं जुनीच होती: ओली ढेप, कुबट मका, बुरशी आलेला कडबा.

दुसरी भानगड प्रथिनाच्या आकड्याची. पोत्यावर '४५ टक्के प्रथिन' लिहिलेलं असतं, पण प्रयोगशाळा सहसा प्रथिन मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरियात नायट्रोजन ४६ टक्के. ४६ गुणिले ६.२५ म्हणजे २८७. कागदावर युरियात २८७ टक्के 'प्रथिन' आहे! त्यामुळे हलक्या मालात मूठभर युरिया टाकला की रिपोर्ट चकाचक येतो. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन मिसळलं होतं ते याच गणितासाठी. गाईच्या पोटातले जिवाणू थोडा युरिया वापरू शकतात. वाळलेल्या वैरणीवर युरियाची प्रक्रिया करतात ती त्याच आधारावर: १०० किलो वैरणीला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून, घट्ट झाकून २१ दिवस. कोंबडीला ते जमत नाही. तिच्यासाठी तो पैसा मातीत.

डीडीजीएसचा रंगही बघा. सोनेरी पिवळा असेल तर बरा. गडद तपकिरी, करपल्यासारखा असेल तर वाळवताना जास्त उष्णता लागली आहे, आणि अशा मालातलं लायसिन कोंबडीला पचत नाही. प्रयोगशाळेचा प्रथिनाचा आकडा मात्र तोच राहतो.

वाळूजचा चोथा, आणि पाण्याचं भाडं

संभाजीनगरला हे सगळं नवीन वाटायचं कारण नाही. वाळूज, चिकलठाण्याच्या पट्ट्यात बिअरचे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात त्यांच्या पाण्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आणि उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी कापायला लावलं होतं, ते घरी मोठ्यांना विचारा. बिअर केल्यावर बार्लीचा ओला चोथा उरतो आणि तो दुभत्या जनावरांना घालायची पद्धत जगात जिथे जिथे बिअर होते तिथे जुनी आहे. माल चांगला असतो. पण त्यात पाऊण हिस्सा पाणी. दहा टनाचा ट्रक म्हणजे साडेसात टन पाण्याचं भाडं. शिवाय उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबट होऊन बुरशी धरतो. म्हणून कारखान्याजवळच्या गोठ्याला तो सोन्यासारखा आणि पन्नास किलोमीटरवर बिनकामाचा.

पाण्याचं हे गणित एकदा डोक्यात बसलं की अर्धे रील आपोआप निकाली निघतात.

अझोल्याचं घ्या. 'अझोल्यात २५ टक्के प्रथिनं, पेंडीचा खर्च अर्धा.' आकडा खरा आहे, फक्त तो वाळवलेल्या अझोल्याचा. ताज्या अझोल्यात ९३-९४ टक्के पाणी असतं. एक किलो ताज्यात कोरडा माल ६० ग्रॅम, त्यात प्रथिनं १५ ग्रॅम. एक किलो सोयापेंडीत साधारण ४५०. म्हणजे एक किलो पेंडीची बरोबरी करायला ३० किलो अझोला. वाफा चांगला सांभाळला तर चौरस मीटरला रोज २०० ते २५० ग्रॅम निघतो. त्या हिशेबाने ३० किलोसाठी सव्वाशे-दीडशे चौरस मीटर वाफे, म्हणजे आमच्याकडचे जवळजवळ दोन टू-बीएचके, आणि एप्रिलच्या उन्हात त्यावर शेडनेट आणि पाणी. परसातल्या पाच-दहा गावरान कोंबड्यांना अझोला छानच आहे. वीस गाईंच्या गोठ्याची पेंड त्यावर बंद करायचा सल्ला देणारा माणूस बहुधा अझोल्याचं बियाणं विकत असतो.

हायड्रोपोनिक चाऱ्याचंही तेच. 'एक किलो मक्यापासून सात किलो हिरवा चारा.' वाढलेले सहा किलो म्हणजे पाणी. उगवताना दाणा स्वतःचाच स्टार्च जाळतो, त्यामुळे कोरडा माल उलट थोडा घटतो. दुष्काळात जनावराला हिरवं तोंडात पडतं, याची किंमत आहेच. पण सात पट नाही.

कोणताही खाद्याचा व्हिडिओ पाहताना एकच प्रश्न कमेंटमध्ये टाका: कोरड्या मालावर किलोला किती रुपये? उत्तर आलं तर पुढे बघा.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचं थोडं वेगळं आहे. त्या ओला कचरा, सडकी भाजी खातात आणि वाळवल्यावर त्यांत सुमारे ४० टक्के प्रथिन असतं. माशांच्या खाद्यात फिशमील लागतं, ते समुद्रातल्या छोट्या माशांपासून करतात आणि महाग असतं. त्याला हा खरा पर्याय होऊ शकतो. शेततळ्यात रोहू-कटला सोडणाऱ्यांना मात्र याची घाई नाही. त्या माशांचं भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंडीवर बरं चालतं. फुकटच्या खाद्याचा मोह जिथे नडला तो मासा म्हणजे थाई मांगूर. चिकनच्या दुकानातला सडका कचरा टाकून लोकांनी तो वाढवला. २००० सालापासून त्यावर बंदी आहे, तरी चोरून पाळणं थांबलेलं नाही.

फोन हातात आहेच, तर एक कामाचं सांगतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं 'पशु पोषण' नावाचं अ‍ॅप आहे. गाय किंवा म्हशीचं वजन, दूध, गाभण आहे का, आणि तुमच्याकडे काय काय चारा-पेंड आहे ते भरलं की ते संतुलित आणि स्वस्त आहार काढून देतं. वरचं कारखान्याचं सॉफ्टवेअर सांगितलं, त्याचाच हा घरगुती भाऊ. गावी गेलात की वडिलांच्या जनावरांसाठी एकदा करून बघा. अफ्लाटॉक्सिनसाठी कोविडच्या घरगुती टेस्टसारख्या पट्ट्याही मिळतात. एका शेतकऱ्याला त्या महाग पडतात, पण गावच्या दूध संकलन केंद्राने खाद्याच्या प्रत्येक खेपेला एक लावायला हरकत नाही.

आता परत अमेरिकेकडे. जगात सगळ्यात जास्त डीडीजीएस निर्यात करणारा देश तोच. तिथला मका बहुतेक सगळा जनुकीय बदल केलेला, आणि आपल्याकडे असा मका पेरायला परवानगी नाही. यावर सरकारचं उत्तर काय असेल याचा अंदाज २०२१ वरून येतो. त्या वर्षी सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं, पोल्ट्रीवाल्यांनी आयात मागितली, आणि ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी मिळाली. युक्तिवाद असा की पेंडीत उगवणारा जिवंत दाणा नसतो. डीडीजीएसचा दाणा तर दळलेला, शिजवलेला, आंबवलेला. तोच युक्तिवाद इथे आणखी सहज बसतो, आणि तांत्रिकदृष्ट्या तो चूकही नाही. २०२१ ला नडली ती वेळ. नवं सोयाबीन बाजारात यायच्या तोंडावर निर्णय झाला आणि भाव कोसळला.

म्हणून आयातीची अधिसूचना वाचताना मी जीएमच्या वादाआधी दोन गोष्टी बघतो: किती टनांचा कोटा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे काढणीचे महिने त्यातून वगळलेत का. बंदरावर प्रत्येक खेपेची अफ्लाटॉक्सिन तपासणी लिहिली आहे का, ही तिसरी. तीच तपासणी देशातल्या इथेनॉल कारखान्यांच्या दारातही हवी. तिथला चोथा तर आजच आपल्या गोठ्यांत पोचतोय.